खंडाळ्याचा घाट आणि त्याचे अनाम कर्ते
(स्मृतिव्याख्यान)



शाळेच्या आद्य शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. विषय कळवा असे पत्र आले, तेव्हा वाङ्मयाचा एखादा विषय मी घेईन अशी संयोजकांची अपेक्षा असावी. मी मात्र लोणावळा-खंडाळ्याच्या रेल्वे घाटाचा विषय कळवला. नल्लकुंट्यात बसून शेकडो मैलांवरच्या सह्याद्रीतील एका चढावाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेलच. पण थोडक्यात आधीच सांगतो. आपल्यापैकी बहुतेक मराठी घरांचे जाणेयेणे गेली दीडशे वर्षे या घाटातून झाले आहे. हुसेनसागर एक्सप्रेसने आपण वाडी, सोलापूर, पुणे करीत मुंबईला जातो, तेव्हा हाच बोरघाट उतरतो. जवळच्या काचीगुडा स्टेशनाशी जिचा इतिहास जोडला आहे त्या मनमाडच्या मार्गाने गेलो, तर त्याचा जुळा भाऊ थळघाट, म्हणजे कसाऱ्याचा घाट, उतरावा लागतो. निजामाच्या राज्यातील लोखंडी रस्ता समुद्राला मिळाला तो या घाटामुळे. तेव्हा हा विषय परक्या मुलखाचा नाही.

मी इतिहासाचा नव्हे, भाषेचा विद्यार्थी आहे. त्यामुळे इंजिनांची अश्वशक्ती आणि रुळांचे वजन यांपेक्षा, या घाटाची आठवण कोणी कशी ठेवली, कोणाची नावे टिकली आणि कोणाची पुसली गेली, या प्रश्नाकडे माझे लक्ष अधिक आहे.

१. लोखंडापूर्वीचा घाट

सह्याद्रीचा कडा म्हणजे कोकण आणि देश यांमधील दोन हजार फुटांची भिंत. या भिंतीला माणसाने आणि जनावराने फार प्राचीन काळापासून वाटा पाडल्या आहेत. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून माल देशावर चढे आणि पैठणकडे, तेरकडे जाई. तेर म्हणजे प्राचीन तगर. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे आणि १९४८ पर्यंत ते हैदराबाद संस्थानात होते. या व्यापारी वाटांच्या माथ्यावरच कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी खोदली गेली.

कार्ल्याच्या लेण्यातील एका लेखाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, कारण पुढे त्याची मला गरज लागणार आहे. तेथील चैत्यगृहाच्या द्वाराशी जे ब्राह्मी लेख आहेत, त्यांतील एकात धेनुकाकट येथील वेणुवासाचा मुलगा सामी नावाच्या सुताराने द्वार घडवल्याची नोंद आहे. राजे, श्रेष्ठी, यवन दाते यांच्या नावांबरोबर एका सुताराचे नाव, त्याच्या बापाच्या नावासह, सुमारे दोन हजार वर्षे दगडावर टिकून आहे.

मध्ययुगात या वाटांचे महत्त्व लष्करी झाले. राजमाची, लोहगड, विसापूर हे किल्ले घाटमाथ्यावर पहारा करीत. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला याच परिसरातील उंबरखिंडीत कोंडून शरण आणले. पुढे इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली, तेव्हा ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठी माणसाने शत्रूचे शौर्य ओळखून त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि त्याच नावाने लक्षात ठेवले. त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. घाट कोणाच्या हाती आहे, यावर दख्खनचे राजकारण ठरत असे. म्हणूनच पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी जी पहिली मोठी कामे हाती घेतली, त्यांत बोरघाटाची सडक होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० मध्ये, चाकांची गाडी घाट चढू लागली.

या सडकेवरून टपाल जाई, पालख्या जात, आणि बंजाऱ्यांचे तांडे जात. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस लादून हिंडणारे हे लोक म्हणजे त्या काळाची मालगाडी होती. आपल्या तेलंगणातील लंबाडे ते हेच. त्यांच्याकडेही पुढे यायचे आहे.

२. चढावाचे गणित

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी २१ मैलांची पहिली आगगाडी धावली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., या कंपनीचे खरे लक्ष्य मात्र ठाणे नव्हतेच. देशावरचा कापूस बंदरापर्यंत आणणे आणि बंदरातला माल व लष्कर देशावर पोहोचवणे, हे ते लक्ष्य होते. लॉर्ड डलहौसी यांच्या १८५३ च्या प्रसिद्ध टिपणात या हेतूंची चर्चा आहे. कंपनीला सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तोटा आला तर तो सरकारी खजिन्यातून, म्हणजे शेवटी रयतेच्या साऱ्यातून, भरून निघायचा. हा मुद्दा लक्षात असू द्यावा; हैदराबादेत तो पुन्हा भेटेल.

१८५६ मध्ये गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचली. वर खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि १८६० मध्ये तो सोलापूरला जाऊन भिडला. मधल्या घाटात मात्र रूळ नव्हते. मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. सोलापूरपर्यंतचा शंभर कोसांहून लांब रस्ता पुरा झाला, तरी या सोळा मैलांच्या तुकड्यासाठी आणखी तीन वर्षे थांबावे लागले.

त्याचे कारण चढावाच्या गणितात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. सपाटीवर हाच त्याचा गुण, कारण घर्षण कमी; चढावावर तोच दोष. पळसधरीपासून लोणावळ्यापर्यंत रेल्वेला १८३१ फूट चढायचे होते. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी अनेक पाहण्या करून जो मार्ग निश्चित केला, त्याची लांबी पावणेसोळा मैलांच्या आसपास होती, आणि त्यातला सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत एक फूट असा होता. त्यासाठी पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानी पूल बांधावे लागले.

एका ठिकाणी तर डोंगराने मार्गच अडवला. गाडी वळवायला जागा नव्हती. तेथे बर्कले यांनी रिव्हर्सिंग स्टेशनची योजना केली. गाडी चढत एका सोंडेच्या टोकाशी जाऊन थांबे. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे. मग शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. इंग्रजी व्ही अक्षराच्या एका रेघेने वर जाऊन दुसरीने आणखी वर जावे, तसा हा प्रकार. शहाण्या गाडीवानाने अवघड चढणीवर नागमोडी जावे, तीच ही युक्ती, फक्त लोखंडाच्या भाषेत मांडलेली. पासष्टाहून अधिक वर्षे मुंबई-पुण्याचा प्रत्येक उतारू या टोकावर थांबला. घाटाचे विद्युतीकरण होऊन १९२९ मध्ये नवा मार्ग सुरू झाला, तेव्हा ते स्थानक निरुपयोगी झाले. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी धावू लागली.

बर्कले यांना आपले काम पुरे झालेले पाहता आले नाही. प्रकृती खालावून ते विलायतेस परतले आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापूर्वीच, वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले.

३. राबणारे हात

येथपर्यंतचा वृत्तांत कोणत्याही माहितीपत्रकात सापडतो. आता ज्यांच्यासाठी मी हा विषय घेतला, त्या माणसांकडे वळतो.

घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. त्या वर्षी सुमारे दहा हजार मजूर कामावर होते. पुढे ही संख्या वीस हजारांवर गेली, आणि १८६१ च्या जानेवारीत ती बेचाळीस हजारांवर पोहोचली. त्या काळी दख्खनमध्ये एवढ्या वस्तीची गावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. हे लोक देशावरून आले, कोकणातून आले, आणखी दुरूनही आले. वडार, बेलदार, पाथरवट, सुतार, लोहार होते. शेती पिकली नाही म्हणून आलेले कुणबी होते. पुरुष खणत, बायका आणि मुले पाटीतून माती-दगड वाहत. कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरात झोपड्या बांधून राहत.

काम पहार, घण, छिन्नी आणि सुरुंगाची दारू यांनी चाले. डायनामाइट तेव्हा निघालेच नव्हते. सह्याद्रीचा काळा पाषाण किती कठीण, हे ज्याने एकदा विहीर खणवली आहे त्याला सांगायला नको. कित्येक ठिकाणी कड्यावर पाय ठेवण्यास जागाच नसे. मग वरून दोर सोडून मजुराला लोंबकळत खाली उतरवत, आणि तो तशा अवस्थेत पहिली छिद्रे पाडी. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचे काम बंद पडे. तेव्हा फक्त बोगद्यांच्या आत काम चाले. बाहेर धुके आणि धबधबे, आत दारूचा धूर.

पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हिएल. त्यांच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, अशी उतरंड होती. मजुरी वरून निघाली तरी खालपर्यंत वेळेवर पोहोचेलच असे नव्हते. थकलेल्या मजुरीवरून १८५९ च्या जानेवारीत घाटात दंगा झाला. सरकारी चौकशी झाली. मार्चमध्ये फेव्हिएल यांनी कंत्राट सोडले. या आणि अशाच तंट्यांच्या पार्श्वभूमीवर १८६० चा नववा कायदा, मालक व कामगार यांच्या तंट्यांविषयीचा, अस्तित्वात आला. मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावा, ही त्याची एक बाजू. आणि कबूल केलेले काम सोडून गेलेल्या मजुराला तुरुंगात धाडता यावे, ही दुसरी. मजुरी बुडवणे हा दिवाणी प्रश्न आणि काम सोडणे हा फौजदारी गुन्हा, ही त्या कायद्याची तराजू कोणत्या बाजूला झुकलेली होती, ते सांगायला नको. तथापि, घाटातल्या निरक्षर माणसांच्या असंतोषाची दखल कायदे करणाऱ्यांना घ्यावी लागली, ही गोष्टही तितकीच खरी.

फेव्हिएल यांच्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल हे इंग्रज कंत्राटदार आले. १८५९ च्या पावसाळ्याच्या शेवटी ते येथे उतरले आणि त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला रोगाला बळी पडले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडले नाही. अनुभवी व्यवस्थापकांच्या हाती प्रत्यक्ष कामाची सूत्रे देऊन त्यांनी ते तडीस नेले. परक्या देशात, वैधव्याच्या पहिल्या आठवड्यांत, इतक्या मोठ्या कामाची जबाबदारी उचलणारी ही स्त्री आदरास पात्र आहे, आणि अलीकडे तिची आठवण पुन्हा काढली जाते याचा मला आनंद वाटतो.

परंतु ज्या हिवाळ्यात ट्रेडवेल गेले, त्याच हिवाळ्यात घाटातल्या मजुरांच्या वस्त्यांत पटकीची साथ होती. तेथे किती बायका विधवा झाल्या? त्यांच्यापैकी किती जणी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी उचलून उभ्या राहिल्या? अ‍ॅलिस ट्रेडवेल यांचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण कंत्राटाच्या कागदाला नाव लागते. पाटीला नाव लागत नाही. मृतांची नीट मोजदाद झाली नाही, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आता कार्ल्याचा तो लेख आठवा. घाटमाथ्यावर, लोणावळ्यापासून दोन-तीन कोसांवर, वेणुवासाच्या मुलाचे नाव दोन हजार वर्षे टिकले. त्याच डोंगरात, त्याच पाषाणावर, बेचाळीस हजार माणसांनी घण घातले. त्यांच्यापैकी एका सुताराचे, एका वडाराचे नाव इतिहासाने जपले नाही. ज्या शतकाने माणसाच्या समतेच्या गोष्टी मोठ्या आवाजात सांगितल्या, त्या शतकापेक्षा सातवाहनांचा काळ या एका बाबतीत अधिक उदार निघावा, याचा विचार करण्यासारखा आहे.

४. घाटापलीकडे: वाडी, हैदराबाद

घाट उघडला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटही खुला झाला. ती लोहमार्गाची शाखा खानदेश आणि वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात शिरली. वऱ्हाड म्हणजे निजामाने १८५३ च्या तहाने, कंटिंजंट फौजेच्या कर्जापोटी, इंग्रजांच्या हवाली केलेला मुलूख. हैदराबादचा कापूसप्रांत अशा रीतीने मुंबईच्या बंदराला बांधला गेला.

बोरघाटाची शाखा सोलापूर, गुलबर्गा, वाडी करीत १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेस मिळाली. पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत वाडीपासून सिकंदराबादपर्यंतचा लोहमार्ग बांधण्यात आला आणि १८७४ च्या ऑक्टोबरात तो वाहतुकीस खुला झाला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, पंढरीच्या वारीसाठी, मुलीच्या स्थळासाठी पश्चिमेकडे जाणाऱ्या येथील मराठी मंडळींच्या आयुष्यात ‘वाडी जंक्शन’ हे नाव शिरले ते तेव्हापासून. पुण्याची वर्तमानपत्रे, मासिके आणि पुस्तकेही त्याच वाटेने आली. येथील मराठी शाळा, ग्रंथालये आणि परिषदा पुढे उभ्या राहिल्या, त्यामागे या दळणवळणाचा वाटा मोठा आहे.

या मार्गाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्नही आपल्या शहरात विचारला गेला. १८८३ मध्ये चांद्याच्या दिशेने रेल्वे वाढवण्याची आणि लंडनमधील कंपनीला संस्थानच्या तिजोरीतून व्याजाची हमी देण्याची योजना पुढे आली. तिच्या अटींची लोकांसमोर चर्चा व्हावी अशी मागणी करणाऱ्यांत डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनीबाई नायडूंचे वडील, अग्रभागी होते. त्याबद्दल त्यांना नोकरीतून दूर करून हैदराबादबाहेर धाडण्यात आले. हैदराबादमधील सार्वजनिक चळवळीच्या पहिल्या प्रसंगांत चांदा रेल्वेचे हे प्रकरण गणले जाते. बोरघाटात मजुराने आपल्या मजुरीचा हिशेब मागितला होता. येथे एका प्राध्यापकाने रयतेच्या पैशाचा हिशेब मागितला. दोघांनाही ते महागात पडले.

आणि बंजारे? ज्या दिवशी मालाचे डबे घाट चढू लागले, त्या दिवसापासून त्यांच्या बैलांचे काम संपत आले. तांडे विस्कळीत झाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यांना आणि शहरांना धान्य पुरवले, त्यांच्यापैकी अनेकांवर इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का बसला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात रेल्वेने दख्खनमध्ये धान्य आणले, हे खरे. पण ज्याच्या हाती पैसा नाही त्याला ते विकत घेता आले नाही, हेही खरे. लोहमार्गाचा इतिहास म्हणजे सरळ प्रगतीची किंवा सरळ अन्यायाची कहाणी नव्हे. दोन्ही रूळ बरोबर धावतात.

५. मराठी मनातील घाट

आपल्या भाषेने या नवलाचे स्वागत कसे केले, तेही पाहण्याजोगे आहे. पहिली गाडी धावल्यानंतर वर्षभरातच, १८५४ मध्ये, कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ हे पुस्तक निघाले. घाट सुरू झाला त्याच वर्षी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. ‘लोखंडी सडक’, ‘अग्निरथ’, ‘आगगाडी’, ‘आगीनगाडी’ असे शब्द स्पर्धा करीत होते. पंडिती शब्द मागे पडले, आणि खेड्यातल्या बाईच्या तोंडचे ‘आगीनगाडी’, ‘ठेसन’ हे शब्द टिकले. पुढे विजेवर चालणारी मोठी मालवाहू इंजिने घाटात आली, तेव्हा त्यांच्या लांबट, सांधेदार अंगावरून आणि कुरकुरत्या चालीवरून कामगारांनी त्यांचे नाव ‘खेकडा’ ठेवले. कंपनीच्या कागदावर त्यांना क्रमांक होते. घाटाला मात्र हेच नाव मानवले.

परंतु या घाटाने मराठी मनाला दिलेली खरी कथा शिंग्रोबाची. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. येणारे-जाणारे गाडीवान तेथे नाणे वाहतात. कथा अशी, की साहेबांना घाटातून रस्ता सापडत नव्हता. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढ्यांच्या वाटेवरून त्यांना मार्ग दाखवला. बक्षीस माग म्हटल्यावर त्याने आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या असे मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कोणी ही कथा सडकेविषयी सांगतात, कोणी रेल्वेविषयी.

कागदपत्रांवर विसंबणारा इतिहासकार म्हणेल, की याला आधार नाही. मार्ग दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन हिंडणाऱ्या अभियंत्यांनी आखला. त्याचे म्हणणे योग्य आहे. पण भाषेच्या आणि लोककथेच्या अभ्यासकाला असे वाटते, की लोककथा घडलेला प्रसंग सांगत नसली तरी घडलेले सत्य सांगू शकते. डोंगराचे ज्ञान धनगरांचे, ठाकरांचे, कातकऱ्यांचे होते. दुर्बीण लावण्यासाठी ज्या वाटेने वर जायचे, ती वाट कोणीतरी आधी पायांनी तुडवलेली होती. त्या ज्ञानाचे श्रेय कागदाने दिले नाही. बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाव अधिकृत इतिहासात आले नाही, तेव्हा लोकांनी स्वतःच एक नाव निवडले, त्याला देव केले आणि रस्त्याच्या कडेला बसवले. ज्याचा मोबदला बुडाला, त्याला आज प्रत्येक जाणारा नाणे देतो. याहून नेमका न्याय मला सुचत नाही.

६. घाट कसा पाहावा

मित्रहो, पर्वतीय रेल्वे हा अलीकडे वारशाचा विषय झाला आहे. दार्जिलिंगची रेल्वे १९९९ मध्ये, निलगिरीची २००५ मध्ये आणि कालका-सिमल्याची २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. बोरघाटाच्या पायथ्यापासून जवळच नेरळ-माथेरानची छोटी गाडी आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांची ही गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. २००५ च्या महापुराने तिचा मार्ग वाहून गेला, तो दोन वर्षांत पुन्हा उभा राहिला; पुढेही ती अनेकदा बंद पडली आणि २०२२ मध्ये पुन्हा डोंगर चढू लागली. माथेरानची गाडी अवश्य पाहावी. पण ती हौसेची गाडी आहे. बोरघाट हा पोटापाण्याचा मार्ग आहे आणि तो आजही रात्रंदिवस राबतो आहे. म्हणून त्याला वारसा म्हणायचे आपल्या लक्षात येत नाही.

पुढच्या वेळी मुंबईला जाल तेव्हा लोणावळा सुटल्यावर खिडकीशी बसावे. गाडी खंडाळ्यावरून मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांब्रुंग करीत पळसधरीकडे उतरते. मंकी हिलच्या आसपास नागफणीचा सुळका आणि खाली उल्हासचे खोरे दिसते. उतरण्यापूर्वी गाडी ब्रेकच्या तपासणीसाठी थांबते, तेव्हा कंटाळू नये. ३७ फुटांत एक फूट हे गणित अजून बदललेले नाही. परत येताना कर्जतला गाडीला मागून जोर देणारी इंजिने जोडतात. त्या थांब्यावरच कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्धीस आला. वड्यासाठी गाडी थांबत नाही, चढासाठी थांबते, हे मुलांना जरूर सांगावे. पूर्वीच्या रिव्हर्सिंग स्टेशनची जागा खंडाळ्याखाली आहे. तिच्या जवळून आता द्रुतगती मार्ग जातो. तेथील अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडण्यात आला. वाहतुकीसाठी ते आवश्यक असेल. पण जुने दगड पडले म्हणजे ते कोणी रचले हे विचारण्याची संधीही त्यांच्याबरोबर जाते.

दगड अमर नसतात, हे या घाटाने फार लवकर शिकवले. उद्घाटनानंतर चारच वर्षांनी, १८६७ च्या जुलैमध्ये, घाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला. घाईने आणि हलक्या दगडकामाने उभारलेली बांधकामे मग नव्याने तपासावी लागली. २०१९ च्या पावसाळ्यात दरडींनी आणि पाण्याने मार्गाची अशी हानी केली, की दुरुस्तीचे काम कित्येक महिने चालले. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी रेल्वेची ‘हिल गँग’ म्हणून ओळखली जाणारी कामगारांची टोळी कड्यांवर चढते, कमरेला दोर बांधून सैल झालेले धोंडे शोधते आणि ते पाडते. पावसात गस्तवाले रुळांवरून चालत दरडींवर लक्ष ठेवतात. २०२१ पासून दख्खनच्या राणीला आणि डेक्कन एक्सप्रेसला काचेच्या छताचे डबे लागले आहेत. त्या काचेतून धबधबा पाहावा. पण धबधब्याशेजारी दोराला लोंबकळणारा माणूसही दिसला पाहिजे. १८५६ मध्ये तो होता, आजही आहे.

शेवटी शाळेला एक विनंती. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांत अशी घराणी निश्चित असतील, ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी निजामाच्या किंवा जी.आय.पी. रेल्वेत कारकुनी केली, गार्ड म्हणून शिट्टी वाजवली, लालागुड्याच्या कारखान्यात हातोडा चालवला, किंवा केवळ वाडीच्या फलाटावर ट्रंकेवर बसून रात्री काढल्या. त्यांची नावे, त्यांच्या हकिगती, जुने पास, पत्रे, छायाचित्रे शाळेच्या ग्रंथालयात एकत्र करावीत. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन त्या विचारून लिहून घ्याव्यात. तेलुगू, उर्दू, लंबाडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडेही जावे, कारण रेल्वे कोणा एका भाषेची नव्हती. मुंबईच्या एका वस्तीला तेलुगू कामाठ्यांवरून कामाठीपुरा हे नाव पडले. त्या कामगारांनी बांधलेल्या मुंबईच्या इतिहासात त्यांच्यापैकी कितीजणांची नावे आहेत?

स्मृतिव्याख्यान म्हणजे नाव टिकवण्याचा प्रयत्न. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनीही एका अर्थी घाटच बांधला. खालच्या पायरीवरचे मूल वर जावे, एवढाच त्यांचा उद्योग होता. त्यांची नावे या शाळेने जपली, हे तिचे भाग्य. सामी सुताराचे नाव कोरणाऱ्या त्या जुन्या हाताचा वारसा तिने असाच चालवावा, आणि ज्यांची नावे अजून कोणी लिहिली नाहीत त्यांच्यासाठी वहीची काही पाने मोकळी ठेवावीत.